बाबांचं बाळंतपण

माझ्या बाबांचं बाळंतपण माझ्या आईनं केलं. पंचाहत्तरीला टेकलेल्या, मिशा पांढऱ्या झालेल्या, छत्तीसगडात रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात उभी हयात घालवलेल्या माणसाचं बाळंतपण. ऑफिसात कुणाला हे सांगितलं की लोक पोट धरून हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसते, कारण पुढचं सांगायला डबा खायच्या सुट्टीत वेळ पुरत नाही. पण त्या दुपारी मी ती खोली उघडली तेव्हा मला हसू आलं नव्हतं, माझी वाचाच बसली होती. मला गप्प करेल असं या जगात फार काही नाही, माझ्या नवऱ्याला विचारा.

आधी अटॅकचं सांगते. दिवाळी तोंडावर आली होती. आमच्या घरात छातीत दुखलं की तो गॅस असतो, पाठीत दुखलं की तोही गॅसच असतो. बाबांनी सकाळी ओवा आणि काळं मीठ तोंडात टाकलं, आईनं बेंबीला हिंग लावला आणि दोघं निवांत बसून राहिले. मी राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला. दुपारी आईचा फोन आला, तोही फराळाच्या बेसनाबद्दल विचारायला. बोलता बोलता म्हणाली, "तुह्या बाबाले सकाळपासून घाम येऊन राहिला, पंख्याखाली बसले आहेत तरी." मी कशी पोचले, कुणाची गाडी केली, आज आठवत नाही.

हृदयाची मोठी नळी बंद झाली होती. डॉक्टरांनी ती उघडली, जाळी बसवली, जीव वाचवला. पण आम्ही उशिरा पोचलो होतो. दोन दिवसांनी त्यांनी मला सोनोग्राफीसारख्या त्या पडद्यासमोर उभं केलं. राखाडी रंगाचं काहीतरी आतबाहेर होत होतं आणि त्यातली एक बाजू हलतच नव्हती. बाकीचं हृदय जिवाच्या आकांतानं काम करत होतं आणि ती भिंत आपली ढिम्म बसून होती. मी विचारलं, तिथं त्यांना दुखत असेल का हो? डॉक्टर म्हणाले, मेलेल्या भागाला दुखत नाही. अगदी सहज म्हणाले ते. बाबा पलीकडे बिस्किट चहात बुडवून खात होते आणि त्यांच्या छातीतला एक तुकडा मेलेला होता. जिवंत माणसाचा एखादा भाग असा आतल्या आत मरून राहू शकतो, हे मला तोपर्यंत खरंच माहीत नव्हतं. मी बाहेर येऊन बाकावर बसले.

घरी आल्यावर नियम सुरू झाले. मीठ कमी. दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून, चहा-दूध त्यातच धरायचं. सकाळी उठल्यावर वजन. अंगात पाणी साचू नये म्हणून लघवीची गोळी. आणि रोज थोडं थोडं चालणं, कारण उरलेल्या हृदयाला कामाला लावायचं होतं. बाबांना नियम आवडतात. कारखान्यात फोरमननं सांगितलेलं ते जसं ऐकत, तसं डॉक्टरांचं ऐकत. गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि यायचे.

महिनाभरानं डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. एक अभ्यास सुरू होता. वय झालेल्या माणसांचं हृदय अटॅकनं खराब झालं असेल तर त्यांच्याच कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, वेगळ्या करायच्या आणि नळीवाटे हृदयात सोडायच्या. असल्या अभ्यासांत म्हाताऱ्यांना फारसं कुणी घेत नाही, इथे मुद्दाम त्यांनाच घेत होते. माझ्या मनात आलं, झालं, आता हा आम्हाला गिऱ्हाईक बनवणार. पण खर्च त्यांचाच होता आणि बोलणं सरळ होतं. डॉक्टर म्हणाले, मी वचन काही देत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या मूळपेशीही म्हाताऱ्याच असतात. त्यांचा नवा स्नायू होतो असं आता कोणी फारसं मानत नाही. फायदा झालाच तर आजूबाजूच्या भागाला थोडा आधार मिळेल, तोही नक्की नाही. आणि मुख्य गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. मगज सगळ्यांचा काढणार, पण अर्ध्या लोकांच्या हृदयात पेशी जातील आणि अर्ध्यांच्या हृदयात नुसतं साधं सलाइन. कुणाला काय मिळालं ते पेशंटलाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. अभ्यास संपल्यावरच उघडायचं.

बाबा एकदम तयार. म्हणाले, "आमच्याकडे डब्याचा पत्रा कुजला की कापून नवा वेल्ड करत होतो. हे तर त्याच्यापेक्षा सोपं दिसून राहिलं."

"वैसा नहीं है बाबूजी," डॉक्टर हसले.

आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं एकच प्रश्न विचारला. त्या पेशी जित्या असतात का? डॉक्टर म्हणाले, "अगर इनको मिलीं, अम्मा, तो हाँ, ज़िंदा होंगी। जमने में महीना-सवा महीना लगेगा।"

"हव," आई म्हणाली. हा छत्तीसगडी होकार आमच्या घरात इतका रुळला आहे की नागपूरचे नातेवाईक आले की टोमणे मारतात. त्या दिवशी तिच्या 'हव'कडे मी लक्षच दिलं नाही. अर्धे-अर्धे, सलाइन, नंतर उघडायचं, हे सगळं तिच्या कानावर पडलं होतं. पण तिच्या डोक्यात राहिल्या त्या दोनच गोष्टी: जीव आणि सव्वा महिना.

डिसेंबरात ते काम झालं. कमरेत सुई घातली तेव्हा बाबांनी दात आवळून छताकडे पाहिलं. नंतर मनगटातून नळी घातली. दोन दिवसांनी घरी सोडलं. लगोलग मला ऑफिसनं ऑडिटसाठी जगदलपूरला धाडलं. मी चिडले, भांडले, साहेबांना चार शब्द सुनावले आणि गेले. सरकारी नोकरीत भांडून झाल्यावर शेवटी जावंच लागतं.

रोज संध्याकाळी फोन करत होते. आई म्हणायची, झोपले आहेत. नाहीतर म्हणायची, आत्ताच जेवले. बाबा फोनवर आले की म्हणायचे, "मजेत आहे बाई मी. तू काळजी नको करू." आवाज थोडा जड वाटायचा, पण थंडी होती, मला वाटलं सर्दी असेल. नवरा दोनदा जाऊन आला. तो इथलाच जन्मलेला, त्याला मराठी सगळी समजते, बोलतो हिंदी. म्हणाला, "मम्मी ने अंदर नहीं जाने दिया, बोलीं बाहर से आए हो, हाथ-पैर धोकर भी नहीं।" मला ते बरोबरच वाटलं. म्हातारा माणूस, हृदयाचं काम, इन्फेक्शनची भीती. मी मनातल्या मनात आईला शाबासकी दिली.

संक्रांत झाल्यावर परतले आणि स्टँडवरून थेट माहेरी गेले. फाटकात शेजारची काकी भेटली. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, सगळ्यात जुनी बाई, तिच्या हातात झाकणाची डोलची. म्हणाली, "कांके पानी लाए हंव बेटी, बबा बर."

कांके पानी म्हणजे इकडे बाळंतिणीला देतात तो गूळ आणि जडीबुटीचा काढा. मी थबकले. आधी वाटलं, कुणाकडे तरी बाळंतपण आहे आणि काकीची गल्लत झाली. पण ती स्पष्ट म्हणाली होती, बबा बर, आजोबांसाठी. काकी माझ्या पुढून तुरुतुरु निघाली, दारात पायांवर पाणी घेतलं आणि रोजचंच काम असल्यासारखी आत गेली.

बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं आणि धुरानं डोळे चुरचुरले. खिडक्या बंद, फटींमध्ये जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबलेल्या. खाटेखाली शेगडी, त्यात निखारे, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि धूप. खाटेवर बाबा. डोक्याला कान झाकून रुमाल बांधलेला, कानांत कापसाचे बोळे, अंगावर दोन गोधड्या, कपाळ तेलानं चकचकीत. उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा, हळिवाच्या खिरीची वाटी, शेपाचं पाणी भरलेला तांब्या. मनगटाला काळा दोरा. आणि कपाळाच्या कडेला, देवाशप्पथ सांगते, काजळाची तीट.

मी उभीच राहिले. डोक्यात इतकं काही एकदम आलं की काहीच आलं नाही. मग बाबा बोलले. अर्धं वाक्य झालं की थांबत होते. "आली का... बाई... बस." उश्यांना टेकून बसलेले होते, कारण आडवं झालं की जीव घाबरा होत होता. गोधडी बाजूला केली. पाय सुजून टम्म झालेले. बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"आई, हे काय करून ठेवलं तू?"

आई स्वयंपाकघरातून आली, हातात कढईतलं तूप ढवळायचा चमचा. तिचा चेहरा असा प्रसन्न की मी आणखी हबकले. "हळू बोल. आता थोडेच दिवस उरले. काहून ओरडून राहिली?"

"लघवीची गोळी कुठे आहे?"

"ते नाही देत मी. त्यानं अंग कोरडं पडते. बाळंतिणीले असं कोरडं चालते का?"

बाळंतिणीले. ती असं म्हणाली, माझ्या तोंडावर, माझ्या बापाकडे चमच्यानं बोट दाखवून. तेव्हा मला सगळं एकदम समजलं. नवीन जीव आत घातला आहे आणि सव्वा महिना जपायचा आहे, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जपायचं कसं हे आईला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. ते तिला येत होतं. वारा लागू द्यायचा नाही, उठू द्यायचं नाही, शेक द्यायचा, तूप आणि डिंक पोटात जाऊ द्यायचा, गरम पाणी, काढे, बाहेरच्याची सावली नको. नंतर कळलं की सहाव्या दिवशी सटवाईची पूजाही झाली. उशाशी पाटा, त्यावर कोरा कागद आणि पेन. सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणतात. सहा दिवसांच्या बाळांच्या कपाळावर लिहिणाऱ्या त्या देवीनं पंचाहत्तरीच्या कपाळावर काय लिहायचं, मला माहीत नाही. बाबा त्या कागदाशेजारी मुकाट्यानं झोपले.

मी चिंध्या उपटल्या, शेगडी अंगणात नेऊन त्यावर बादली ओतली, नवऱ्याला फोन केला. आई माझा हात धरून ओढत होती. "वारा लागेल त्याइले! अवं, वारा लागेल!" तिच्या डोळ्यात खरीखुरी भीती होती. मला त्या वेळी ती दिसली नाही असं नाही. पण माझं डोकं असं सणकलं होतं की मी तिला बाजूला ढकललं आणि बाबांना शालीत गुंडाळून गाडीत बसवलं.

हॉस्पिटलात त्यांच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला. फुप्फुसात पाणी साचलं होतं. त्या दुबळ्या हृदयाला काढे आणि दूध उपसत बसायचं काम लावलं होतं आणि ते बिचारं हरलं होतं. शिरेतून औषध दिलं, पाणी उतरायला लागलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरही माझ्यासारखाच धक्का होता. शेगडी म्हणताच त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, आणखी दोन दिवस असेच गेले असते तर मी काही सांगू शकलो नसतो.

संध्याकाळी बाबांना बोलता येऊ लागलं. मी त्यांच्यावरच तुटून पडले. ती अडाणी आहे, पण तुम्ही? तुम्हाला चालायला सांगितलं होतं, गोळी माहीत होती, पाण्याची बाटली माहीत होती. एक शब्द बोलता येत नव्हता तुम्हाला? फोनवर मजेत आहे म्हणता?

बाबांनी मास्क हनुवटीखाली ओढला. मग म्हणाले, "तिले मी नाही म्हणू शकत नव्हतो या गोष्टीत."

"या गोष्टीत म्हणजे?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकले.

आई बाहेर बाकावर बसली होती. दुपारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला जे म्हणायचं होतं ते म्हटलं. "तू मारून टाकलं असतं त्याइले. समजते का तुले? मारून टाकलं असतं." आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी शहरी मराठी विसरले होते आणि तिच्याच बोलीत तिला ओरडत होते.

आई रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुह्या आंधी एक पोट्टा झाला होता मले."

मी एकुलती एक आहे. हे मला जन्मापासून माहीत आहे. दोन भाकऱ्यांतली मोठी भाकर माझी, नवीन फ्रॉक माझा, कोणाशी वाटून घ्यायचं नाही. एकुलती एक म्हणून मी लाड करून घेतले आणि एकुलती एक म्हणून आता दोघांचं सगळं करते. आणि माझी आई त्या हिरव्या भिंतीच्या कॉरिडॉरमध्ये, वॉर्डबॉयची ढकलगाडी बाजूनं जात असताना, मला सांगत होती की मी पहिली नव्हते.

"इथंच, रेल्वेच्या क्वार्टरात. असेच थंडीचे दिवस होते. माही आई तिकडे बिमार, ते येऊ नाही शकली. सासू मले नव्हतीच. तुह्ये बाबा उजाडायच्या आंधी कारखान्यात जात, अंधार पडल्यावर येत. मंग कोण करन? मी चौथ्या दिवशी उठली. नळ बाहेर होता. पाणी भरलं, धुणं धुतलं. पोट्टा खाटेवर. खिडकीचा काच फुटला होता, तिथून वारा येत जाय. तुह्ये बाबा म्हणत, रविवारी लावतो. रविवारी ओव्हरटाइम आला. पुढच्या रविवारी लावतो म्हणे." तिनं पदराचा आणखी एक वेढा बोटाला दिला. "मले काय समजत होतं. पोरगीच होती मी. त्याची छाती अशी वाजाले लागली. एक दिवस सकाळी तो दूध पेलाच नाही. सव्वा महिना भराले आला होता. नाव ठेवाचं राहिलं होतं."

मी तिच्या शेजारी बसले.

"बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. मी त्याइले काही म्हटलं नाही, त्याइनं मले काही म्हटलं नाही. काच लावला मंग. आजपर्यंत त्याच्यावर आम्ही दोघं बोललो नाही." तिनं पदर सोडला. "आता डॉक्टरनं सांगतलं, जिता जीव आहे आन् सव्वा महिना लागन. मी मनात म्हटलं, या वेळी मी वारा नाही लागू देत."

माझ्या जन्माआधीच्या त्या खिडकीतून अख्खं आयुष्य वारा येत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. लहानपणापासून मी त्या दोघांची चेष्टा करत आले. आई हिवाळ्यात दारं-खिडक्या लावत सुटते म्हणून चेष्टा, बाबा घरात काहीही मोडलं की जेवण टाकून उठतात म्हणून चेष्टा. मला राग आला. दोघांचा आला, कारखान्याच्या ओव्हरटाइमचा आला, मला न सांगण्याचा आला. त्याच वेळी आईला जवळ घ्यावंसं वाटलं आणि घेतलं. ती लाकडासारखी ताठ बसून राहिली. म्हणाली, "त्याइले वारा तर नाही लागला न गाडीत?"

बाबा आठ-दहा दिवसांत घरी आले. खिडक्या उघड्या, गोळ्यांचा ताबा माझ्याकडे, पाण्याची बाटली टेबलावर. आईनं काही विरोध केला नाही. बाबा पुन्हा चालायला लागले, आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग मंदिरापर्यंत. पायांची सूज गेली ती परत आली नाही. उन्हाळ्यात डॉक्टरांनी पडद्यावर पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, पंपिंग थोडं सुधारलं आहे. थोडंच, पण सुधारलं आहे. आईनं हे शेजारच्या काकीला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, नागपूरला फोन करून सांगितलं. बाबांच्या छातीकडे बघून ती कधी कधी स्वतःशीच हसायची. ते झोपले असले की गोधडी गळ्यापर्यंत ओढायची आणि एक क्षण हात तिथंच, छातीवर ठेवायची. मी एकदा म्हटलं, आई, पेशी असतीलच असं नाही, अर्ध्यांना नुसतं पाणी दिलं आहे. ती म्हणाली, "तुले नाही समजत." मी विषय सोडला. मला वाटलं, असू दे. गोळ्या वेळेवर जाताहेत ना, मग तिला जे वाटायचं ते वाटू दे.

पुढच्या हिवाळ्यात अभ्यास संपला. बाबांना आणि मला बोलावलं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि सांगितलं की बाबा दुसऱ्या गटात होते. त्यांच्या हृदयात पेशी गेल्याच नव्हत्या. साधं सलाइन गेलं होतं. जी सुधारणा झाली ती गोळ्यांची आणि चालण्याची. मग म्हणाले, तसंही दोन्ही गटांत फारसा फरक दिसत नाहीये, म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

हे होऊ शकतं, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी धक्का बसलाच. कमरेत सुई घातली होती हो, मनगटातून नळी घातली होती. आणि आत काहीच नव्हतं. मला त्या क्षणी डिंकाच्या लाडवांचा वास आला.

बाबांनी मात्र "ठीक आहे" म्हटलं, डॉक्टरांचे आभार मानले. परतताना रस्त्यात मी म्हटलं, आईला आत्ताच नको सांगू या. काय बिघडतं? तिचं समाधान आहे. बाबा खिडकीतून उरल्याच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक बघत होते. म्हणाले, "नाही. एकदा नाही बोललो मी. आता बोलतो."

घरात शिरल्यावर चपला काढायच्या आधीच त्यांनी सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. बाबा तिच्यासमोर उभे राहिले, सरळ, साहेबासमोर उभे राहावं तसे. "आत काही नव्हतं, अवं. साधं पाणी घातलं होतं. पेशी नव्हत्याच."

"नव्हत्याच?"

"नव्हत्या."

"एक बी नाही?"

"नाही."

मला वाटलं ती म्हणेल, डॉक्टर खोटं बोलतात. किंवा म्हणेल, जाऊ द्या, तुम्ही बरे आहात ना. मी तिच्यासाठी पाणी आणायला वळले. आईनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि न्हाणीघरात गेली. कडी लावली. आतून पाणी पडल्याचा आवाज आला. एक लोटा, दुसरा लोटा. दुपारचे दोन वाजले होते, सकाळची तिची आंघोळ झालेली होती. टॉवेल नेला नव्हता, लुगडं नेलं नव्हतं. अंगावरच्या कपड्यांनिशी ती डोक्यावरून थंड पाणी घेत होती.

आमच्याकडे अशी आंघोळ एकाच प्रसंगी करतात. लांबच्या गावाहून कुणी गेल्याची खबर येते, उशिरा येते, तेव्हा ज्याच्या कानावर पडली तो बसल्या जागेवरून उठतो आणि डोक्यावरून पाणी घेतो. मला हे कळायला दोन लोटे लागले. मी हे सगळं वर्षभर अडाणीपणा, चूक, दैवानं टळलेलं संकट म्हणून लोकांना सांगत होते. आईच्या लेखी ते कुणीतरी होतं. तिनं त्याला वारा लागू दिला नव्हता, गोधडी ओढली होती, वर्षभर हात ठेवून पाहिलं होतं. आणि आता ते गेलं होतं.

बाबा न्हाणीघराच्या दाराशी गेले. चालत गेले, दम न लागता. दारावर तळहात टेकवून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज असा फुटलेला ऐकला नव्हता.

"अवं," ते दाराला म्हणाले, "मी आहो न. मी तर आहो न इथं."

आतलं पाणी पडतच राहिलं.